मेंडेल यांचा वाटाण्याच्या संकरजांवरील निबंध

‘वनस्पति-संकरजांवरील प्रयोग’ या आशयाच्या शीर्षकाचा ग्रेगोर योहान मेंडेल (१८२२–८४) यांचा जर्मन भाषेतील निबंध आनुवंशिकीचा मूलग्रंथ मानला जातो. मोराव्हियातील ब्रून (आताच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो) येथील निसर्गविज्ञान मंडळापुढे ८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी दोन बैठकींत तो वाचला गेला आणि मंडळाच्या इतिवृत्ताच्या चौथ्या खंडात १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची छापील पृष्ठे अवघी पंचेचाळीस आहेत. जीवविज्ञानाच्या इतिहासात इतक्या लहान लेखनाला इतके मोठे स्थान क्वचितच मिळाले असेल. तथापि या निबंधाची कीर्ती आणि त्याचे प्रत्यक्ष वाचन यांत मोठे अंतर राहिले आहे. त्याच्या नावावर खपणाऱ्या काही गोष्टी त्यात नाहीत, तर ज्या आहेत त्यांपैकी काहींकडे दीर्घकाळ कोणी वळले नाही. पुढे तो बारकाईने वाचला गेला तेव्हा त्यातील आकड्यांच्या सचोटीविषयीच शंका उपस्थित झाली. प्रस्तुत लेखात या निबंधाचे लेखन म्हणून परीक्षण करावयाचे आहे. मेंडेल यांचे चरित्र त्यापुरतेच विचारात घेतले आहे.

पूर्वपीठिका : वनस्पतींचे संकर घडवून आणण्याचे प्रयोग मेंडेल यांच्यापूर्वी शंभर वर्षे चालू होते. जर्मनीत केलरॉयटर आणि गेर्टनर यांनी आणि फ्रान्समध्ये नोदें यांनी असे पुष्कळ संकर केले होते. संकरजांची पहिली पिढी एकसारखी असते व पुढील पिढ्यांत मूळ रूपे पुन्हा डोके वर काढतात, हे त्यांना ठाऊक होते. मेंडेल यांनी हा वारसा नाकारला नाही. प्रास्ताविकात त्यांनी पूर्वसूरींचा आदराने उल्लेख केला आहे, परंतु लगेच एक उणीवही दाखविली आहे. संकरजांच्या संततीत किती वेगवेगळी रूपे निर्माण होतात, ती कोणकोणत्या पिढीत आढळतात आणि त्यांचे परस्परांशी संख्यात्मक प्रमाण काय असते, या तीन प्रश्नांची निश्चित उत्तरे देता येतील अशा रीतीने आजवर एकही प्रयोग आखला गेला नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. या एका विधानात संपूर्ण निबंधाचा आराखडा आला आहे. पूर्वीचे अभ्यासक वनस्पतीकडे एक अखंड व्यक्ती म्हणून पाहत व संकरज आईकडे झुकतो की बापाकडे याची चर्चा करीत. मेंडेल यांनी वनस्पतीऐवजी लक्षण हा एकक मानला आणि मग मोजणी केली.

ही दृष्टी त्यांना कोठून आली, याचे उत्तर त्यांच्या शिक्षणात शोधता येते. १८५१–५३ या काळात ते व्हिएन्ना विद्यापीठात होते. तेथे त्यांनी डॉप्लर आणि एटिंग्जहाउझेन यांच्याकडे भौतिकी आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिक्रियाविज्ञान शिकले. एटिंग्जहाउझेन यांचा चयनांच्या गणितावर ग्रंथ होता. मेंडेल यांचा निबंध वाचताना तो भौतिकीच्या विद्यार्थ्याने लिहिला आहे असे पानोपानी जाणवते. शिक्षकपदाच्या परीक्षेत हेच गृहस्थ अनुत्तीर्ण झाले होते, ही गोष्ट परीक्षकांनी अधूनमधून आठवावी अशी आहे.

निबंधाची मांडणी : प्रयोगासाठी वनस्पतीची निवड कशी करावी, येथून निबंधाला आरंभ होतो. वनस्पतीची भेददर्शक लक्षणे पिढ्यान् पिढ्या स्थिर हवीत, फुलोऱ्याच्या काळात परक्या परागांपासून संकरजांचे रक्षण करता आले पाहिजे आणि संकरजांची प्रजननक्षमता घटता कामा नये, अशा अटी मेंडेल यांनी घातल्या. वाटाण्याच्या फुलात पुंकेसर व किंजल्क पाकळ्यांच्या द्रोणात मिटलेले असतात. कळी उमलण्यापूर्वीच परागकोश फुटतात, त्यामुळे स्वपरागण निश्चित होते. कृत्रिम संकरासाठी कळी अपक्व असतानाच पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. बियाणे विकणाऱ्यांकडून मेंडेल यांनी ३४ प्रकार मिळविले, दोन वर्षे त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांतील २२ प्रकार निवडून ते प्रयोगकाळात दरवर्षी लावले. काही झाडे कुंड्यांत लावून फुलोऱ्याच्या वेळी काचगृहात ठेवली. बागेत कीटकांमुळे होणारा बिघाड त्यांवरून ताडून पाहता येत असे. वाटाण्याच्या भुंगेऱ्यामुळे चूक होऊ शकते, हेही ते नोंदवितात. दहा हजारांहून अधिक झाडे तपासली असता परपरागणाची निःसंशय उदाहरणे अगदी थोडी सापडली, असे ते सांगतात. आज अशा काळजीला ‘नियंत्रण’ म्हणतात. त्या काळी या गोष्टींचे वर्णन करणे आवश्यक आहे असे फारच थोड्यांना वाटत असे.

निवडलेली लक्षणे सात होती : बीचा आकार, बीमधील दलिकांचा रंग, बीजावरणाचा रंग, पक्व शेंगेचा आकार, अपक्व शेंगेचा रंग, फुलांचे खोडावरील स्थान आणि खोडाची उंची. प्रत्येक लक्षणाची दोन रूपे घेऊन संकर केला असता पहिल्या पिढीत एकच रूप दिसते. या रूपाला मेंडेल यांनी प्रभावी आणि लोपलेल्या रूपाला अप्रभावी म्हटले. या पिढीतही ते वरवर पाहत नाहीत. एक फूट उंचीच्या व सहा फूट उंचीच्या झाडांचा संकर झाला असता संकरज सहा ते साडेसात फूट वाढले, म्हणजे उंच पूर्वजालाही मागे टाकते झाले, अशी नोंद ते करतात. नियमाच्या मांडणीला ती फारशी उपकारक नव्हती, तरीही त्यांनी ती वगळली नाही.

संख्यांची भाषा : निबंधाचा गाभा दुसऱ्या पिढीच्या मोजणीत आहे. संकरजाच्या २५३ झाडांपासून ७,३२४ बिया मिळाल्या. त्यांत ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या होत्या, म्हणजे प्रमाण २·९६ ला १ असे आले. दलिकांच्या रंगासाठी २५८ झाडांच्या ८,०२३ बिया मोजल्या. त्यांत ६,०२२ पिवळ्या व २,००१ हिरव्या होत्या आणि प्रमाण ३·०१ ला १ होते. उरलेल्या पाच लक्षणांत संख्या लहान आहेत. उदा., उंच झाडे ७८७ व ठेंगणी २७७ अशी विभागणी होऊन २·८४ ला १ हे प्रमाण मिळाले. सातही लक्षणांची बेरीज १४,९४९ व ५,०१० होते आणि सरासरी प्रमाण २·९८ ला १ असे येते.

मेंडेल येथेच थांबले असते तर निबंधाला एका कुतूहलजनक निरीक्षणापलीकडे महत्त्व आले नसते. असे निरीक्षण डार्विन यांच्याही हाती आले होते. पाळीव प्राणी व लागवडीतील वनस्पती यांच्या परिवर्तनावरील १८६८ च्या ग्रंथात त्यांनी अँटिऱ्हिनमच्या एका संकराची हकिकत दिली आहे. नेहमीच्या आणि नियमित आकाराच्या फुलांच्या झाडांचा संकर केल्यावर पहिली पिढी सगळी नेहमीच्या फुलांची झाली. दुसऱ्या पिढीच्या १२७ रोपांत ८८ नेहमीची, ३७ नियमित फुलांची व दोन मधल्या स्वरूपाची निघाली. डार्विन यांनी मोजले, परंतु त्या संख्यांना प्रश्न विचारला नाही. त्यांना त्यात दोन सुप्त प्रवृत्तींची रस्सीखेच दिसली. मोजणे आणि संख्येतून रचना ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तुलनेवरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही.

मेंडेल यांनी पुढचे पाऊल टाकले ते असे. तीन भाग प्रभावी दिसणाऱ्या झाडांत सर्व एकाच जातीची आहेत काय, हे पाहण्यासाठी त्यांनी त्यांची संतती वाढविली. गोल बियांपासून उगवलेल्या ५६५ झाडांपैकी १९३ झाडांनी फक्त गोल बिया दिल्या आणि ३७२ झाडांनी दोन्ही प्रकारच्या दिल्या. पिवळ्या बियांपासूनच्या ५१९ झाडांत हे आकडे १६६ व ३५३ असे होते. म्हणजे ३ ला १ या प्रमाणाच्या आत १ : २ : १ हे खरे प्रमाण दडलेले होते. मोठ्या व लहान अक्षरांचा उपयोग करून त्यांनी ते लिहिले. नागरी लिपीत असा भेद नसल्याने प्रभावी लक्षणासाठी ‘क’ व अप्रभावी लक्षणासाठी ‘ख’ घेतल्यास त्यांची श्रेणी ‘क + २कख + ख’ अशी होते. स्वपरागण चालू राहिले तर दहाव्या पिढीत २,०४८ झाडांमागे १,०२३ स्थिर प्रभावी, १,०२३ स्थिर अप्रभावी आणि फक्त दोन संकरज उरतील, हे गणितही त्यांनी दिले आहे. संकरज हळूहळू मूळ रूपांकडे परततात, हे गेर्टनर आदींचे निरीक्षण अशा रीतीने एका ओळीत उलगडले.

यानंतर दोन लक्षणांचा एकत्रित विचार येतो. गोल-पिवळ्या आणि सुरकुतलेल्या-हिरव्या बियांच्या संकरजाच्या १५ झाडांनी ५५६ बिया दिल्या. त्यांत ३१५ गोल-पिवळ्या, १०१ सुरकुतलेल्या-पिवळ्या, १०८ गोल-हिरव्या आणि ३२ सुरकुतलेल्या-हिरव्या होत्या. पाठ्यपुस्तके हा प्रयोग ९ : ३ : ३ : १ या प्रमाणापाशी संपवितात. मेंडेल यांचा भर मात्र नऊ पदांच्या श्रेणीवर आहे, कारण बियांच्या रूपावर न थांबता त्यांनी त्या पेरून प्रत्येकीचा अंतःस्वभाव तपासला. तीन लक्षणांच्या प्रयोगात हे काम सर्वाधिक कष्टाचे झाले, हे ते स्वतः सांगतात. तेथे २४ संकरजांनी ६८७ बिया दिल्या व त्यांतून ६३९ फळणारी झाडे तपासावी लागली. अखेर बीजकोशिका व परागकोशिका यांत प्रत्येक संभाव्य जुळणी सारख्याच संख्येने असते, हे गृहीतक ते मांडतात आणि त्याची कसोटीही लावतात. संकरजाचा संकर अप्रभावी पूर्वजाशी केल्यास चारही प्रकार सारखे मिळाले पाहिजेत. प्रयोगात ते ३१, २६, २७ व २६ असे मिळाले. निरीक्षणापासून गृहीतकाकडे आणि गृहीतकापासून नव्या, आधी न पाहिलेल्या फलिताकडे जाण्याचा हा मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकातील जीवविज्ञानाच्या लेखनात या भागाच्या तोडीचे तर्कशुद्ध गद्य फार थोडे आढळते.

निबंधात नसलेल्या गोष्टी : ‘मेंडेल यांचे दोन नियम’ शाळेत शिकविले जातात. अलगीकरणाचा नियम आणि स्वतंत्र वाटणीचा नियम या नावांनी व या विभागणीने ते निबंधात आढळत नाहीत. ती नावे विसाव्या शतकात रूढ झाली. मेंडेल संकरजांच्या विकासाचा नियम आणि लक्षणांच्या जुळणीचा नियम असे बोलतात. त्यांचा विषय संकरज हा होता. आनुवंशिकतेचा सर्वसाधारण सिद्धांत मांडण्याचा दावा ते करीत नाहीत. आणखी महत्त्वाचा भेद चिन्हांचा आहे. आज स्थिर प्रभावी झाडासाठी दोन अक्षरे लिहितात, कारण प्रत्येक लक्षणामागे जनुकांची जोडी असते असे आपण मानतो. मेंडेल यांनी स्थिर रूपासाठी एकच अक्षर वापरले. एकाच प्रकारचे दोन घटक एकत्र आल्यावर त्यांची जोडी टिकते की ते एकरूप होतात, हा प्रश्न त्यांच्या गणिताला पडतच नाही. समारोपात ‘मूलघटक’ हा शब्द येतो आणि संकरजाच्या प्रजननकोशिका तयार होताना भिन्न मूलघटक विलग होतात असे ते म्हणतात. परंतु इतरत्र ‘लक्षण’ हा एकच शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या रूपासाठी आणि त्याच्या मागे असणाऱ्या कारणासाठी आलटून पालटून येतो. ही निबंधातील खरी संदिग्धता होय. तेवढ्यावरून मेंडेल हे मेंडेलवादी नव्हते, असे म्हणणारा इतिहासकारांचा एक पक्ष १९७० नंतर पुढे आला. त्यांचा मुद्दा चिन्हांपुरता बरोबर आहे. परंतु प्रजननकोशिकांच्या सम प्रमाणाचे गृहीतक आणि त्याची कसोटी ही निबंधातच आहेत व पुढचे सर्व शास्त्र त्यांच्यावरच उभे राहिले. तेव्हा तो पक्ष टोकाला नेणे युक्त नाही.

मेंडेल यांची सात लक्षणे वाटाण्याच्या सात गुणसूत्र-जोड्यांवर एकेक अशी वाटलेली होती, ही लोकप्रिय समजूतही चुकीची आहे. काही जनुके एकाच गुणसूत्रावर आहेत. तरीही निबंधातील प्रयोगांत ती स्वतंत्र वागली, याला अंतर आणि लक्षणांची निवड कारणीभूत आहे.

उपेक्षा आणि पुनःशोध : निबंध अज्ञात राहिला असे सरसकट म्हटले जाते. मंडळाचे इतिवृत्त शंभराहून अधिक संस्थांकडे जात असे आणि मेंडेल यांनी निबंधाच्या ४० प्रती वेगळ्या छापून घेतल्या होत्या. फोके यांच्या १८८१ मधील संकरजांवरील ग्रंथात मेंडेल यांचे नाव आहे. म्हणजे निबंध पोहोचला, पण कळला नाही. म्यूनिकचे वनस्पतिवैज्ञानिक कार्ल नेगेली यांच्याशी मेंडेल यांचा १८६६ ते १८७३ पर्यंत पत्रव्यवहार होता. वाटाण्याचे प्रयोग पूर्ण झालेले नसून नुकतेच सुरू झाले आहेत, असे नेगेली यांना वाटले. त्यांच्या आवडीच्या हिएरॅशियम या वनस्पतीवर मेंडेल यांनी मग पुष्कळ श्रम केले. या वनस्पतीत बी बहुधा फलनाशिवायच तयार होते, हे त्या वेळी दोघांनाही माहीत नव्हते. तिचे संकरज पिढ्यान् पिढ्या एकसारखेच राहिले. १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि प्रयोग मागे पडले.

१९०० मध्ये ह्यूगो द व्ह्रीस, कार्ल कॉरेन्स व एरिख चेर्माक यांच्या लेखांतून निबंध पुन्हा उजेडात आला. १९०१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि विल्यम बेटसन यांनी त्याचा कैवार घेतला. कार्ल पिअर्सन व वेल्डन यांच्या जीवमितीच्या संप्रदायाशी त्यांचा कडवा वाद झाला. वेल्डन यांनी १९०२ मध्येच मेंडेल यांचे आकडे अपेक्षेशी विलक्षण जुळतात हे नोंदविले होते, परंतु वादाच्या धुरळ्यात ते मागे पडले. १९०० या वर्षाला आणखी एक योग आहे. निरीक्षण व अपेक्षा यांतील अंतर योगायोगाचे आहे की नाही हे ठरविणारी काय-वर्ग कसोटी पिअर्सन यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. ज्या साधनाने मेंडेल यांची पुढे झडती घेतली गेली ते आणि मेंडेल यांचा निबंध असे दोन्ही एकाच वर्षी जगापुढे आले.

फिशर यांचा आक्षेप : रॉनल्ड फिशर यांनी १९१८ मध्ये सलग बदलणारी लक्षणे व मेंडेल यांचे घटक यांचा मेळ गणिताने घातला होता. म्हणजे ते मेंडेल यांचे विरोधक नव्हते. १९३६ मध्ये ‘ॲनल्स ऑफ सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी मेंडेल यांच्या कार्याचा खरोखर पुनःशोध लागला आहे काय, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला. मूळ निबंध ओळीओळीने वाचून, कोणत्या वर्षी किती झाडे लागली असतील याचा हिशेब करून, त्यांनी निबंधातील वर्णन शब्दशः खरे मानता येते असा निर्वाळा दिला. आकड्यांविषयी मात्र त्यांचा निष्कर्ष वेगळा होता. सर्व प्रयोग एकत्र घेतले तर ८४ स्वतंत्र तुलनांमागे काय-वर्गाचे मूल्य सु. ८४ अपेक्षित असते. ते ४१·६ आले. इतकी जवळीक निव्वळ योगायोगाने एक लाख वेळांत सु. सात वेळाच घडेल.

दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. बीच्या लक्षणांखेरीज इतर लक्षणांत प्रभावी झाड स्थिर आहे की संकरज, हे ठरविण्यासाठी मेंडेल यांनी प्रत्येक झाडाच्या दहा बिया लावल्या. संकरजाच्या दहाही रोपांत प्रभावी रूप दिसण्याची संभाव्यता ०·७५ चा दहावा घात, म्हणजे सु. ०·०५६ आहे. असे झाड चुकून स्थिर गणले जाईल. तेव्हा सहा प्रयोगांतील ६०० झाडांत ४०० संकरज असले, तरी मोजणीत ते सु. ३७७ च भरले पाहिजेत. मेंडेल यांना ३९९ मिळाले. आकडे खऱ्या अपेक्षेपेक्षा मेंडेल यांच्या चुकीच्या अपेक्षेशी अधिक जुळतात, हे यातील मर्म होय. मेंडेल यांनी स्वतः लबाडी केली असे फिशर म्हणत नाहीत. काय अपेक्षित आहे हे नेमके जाणणाऱ्या एखाद्या मदतनिसाने त्यांची दिशाभूल केली असावी, असे ते सुचवितात. या मदतनिसाला निबंधात कोणताही आधार नाही. फिशर यांच्यासारख्या कठोर तार्किकाने आदरापोटी निर्माण केलेले ते पात्र आहे.

या आक्षेपावर पुष्कळ लिहिले गेले. २००८ मध्ये तर हा वाद मिटविण्याच्या उद्देशाने पाच अभ्यासकांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन मुद्द्यांचे वजन सारखे नाही. दहा बियांचा मुद्दा गाजला, परंतु तो दुबळा आहे. सहाशे झाडांतील हे अंतर एकटे घेतले तर तीस वेळांत सु. एकदा योगायोगानेही येऊ शकते. शिवाय दहा म्हणजे नेमक्या दहाच बिया, हे गृहीत धरावे लागते. दहापेक्षा अधिक बिया पेरल्या असतील तर चूक घटते. काही रोपे मेली असतील तर वाढते. मूळ नोंदवह्या उपलब्ध नसल्याने याचा निकाल लागणे नाही. एकूण जुळणीचा मुद्दा मात्र टाळता येत नाही. अपेक्षेकडे झुकणारा काही कल या आकड्यांत आहे.

हा कल कोठून आला असावा, याचा माग निबंधातच आहे. अपक्व शेंगेच्या रंगाच्या प्रयोगात शंभर झाडांत ६० संकरज व ४० स्थिर निघाले. अपेक्षा सु. ६७ व ३३ ची होती. मेंडेल म्हणतात की हा प्रयोग सर्वांत अधिक ढळला म्हणून तो पुन्हा केला आणि या वेळी ६५ व ३५ मिळाले. शंभर झाडांत इतका ढळ सहा-सात प्रयोगांत एकदा सहज पडतो. त्यात पुनरावृत्ती करण्यासारखे काहीच नव्हते. संख्या जितकी मोठी तितका योगायोगाचा परिणाम पुसला जातो, हे मेंडेल यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते लिहिलेही आहे. परंतु योगायोग किती ढळू शकतो याचे माप त्यांच्याजवळ नव्हते. ते माप तेव्हा जीवविज्ञानात कोणाजवळच नव्हते. न जुळणारा प्रयोग पुन्हा करणे, जुळला की थांबणे आणि सुरकुतलेली की गोल अशा संशयित बीचा निर्णय अपेक्षेच्या बाजूने देणे, या तीन सवयी प्रामाणिक माणसाच्याही असू शकतात आणि आकडे गोड होण्यास त्या पुरेशा आहेत. त्यांना खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही.

उलट बाजूचा पुरावाही निबंधातच सापडतो. बियांच्या दोन प्रयोगांत पहिल्या दहा झाडांचे वेगवेगळे आकडे त्यांनी छापले आहेत. त्यांत एका झाडाच्या १९ गोल बियांमागे १० सुरकुतलेल्या, तर दुसऱ्याच्या ८८ मागे २४ आहेत. टोकाची उदाहरणेही ते देतात. एका झाडावर ४३ गोल व फक्त दोन सुरकुतलेल्या, तर दुसऱ्यावर १४ व १५ अशा बिया होत्या. एका झाडावर ३२ पिवळ्या व एकच हिरवी बी होती. आकडे लपविणारा लेखक ही उदाहरणे देणार नाही. ६० व ४० हा न आवडलेला निकालही त्यांनी छापला आणि तो छापल्यामुळेच आज आपण हा तर्क करू शकतो. त्या शतकातील बहुतेक संकरतज्ञांनी आकडेच दिले नाहीत, म्हणून त्यांच्यावर असा आरोप होण्याचा संभव नाही.

विवेचनाचा गाभा मात्र आकड्यांच्या या संशयापलीकडे टिकला आहे. बी सुरकुतण्याचे कारण १९९० मध्ये उलगडले. स्टार्चच्या रेणूला फाटे फोडणाऱ्या एंझाइमाच्या जनुकात सु. ८०० क्षारक-जोड्यांचा एक परका तुकडा घुसल्यामुळे ते निकामी होते. शर्करा साचते, बीत पाणी अधिक शिरते आणि वाळताना ती आक्रसते. खोडाच्या उंचीचे जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले आणि सातांपैकी शेवटच्या तीन लक्षणांच्या जनुकांची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली.

घेवडा आणि शेवटची पृष्ठे : निबंधाचे सर्वांत कमी वाचले गेलेले भाग अखेरीस आहेत. वाटाण्याचा नियम इतरत्र लागू पडतो काय हे पाहण्यासाठी मेंडेल यांनी घेवड्याच्या जातींचे संकर केले. त्यांतील एका संकरात उंची व शेंगेची लक्षणे वाटाण्याप्रमाणेच वागली, परंतु दुसऱ्यात फुलांच्या रंगाने त्यांना चकविले. किरमिजी व पांढऱ्या फुलांच्या जातींच्या संकरजांच्या संततीत जांभळ्या-लालपासून फिकट जांभळ्यापर्यंत अनेक छटा निघाल्या आणि फुललेल्या ३१ झाडांपैकी फक्त एकाची फुले पांढरी होती. येथे कोणीही नियम मोडला असे म्हटले असते. मेंडेल यांनी मात्र फुलाचा रंग दोन वा अधिक स्वतंत्र रंगांचा मिळून झाला असेल, तर अशी रांग मिळेल व पांढरे फूल दुर्मिळ होईल, असे सुचविले. एका दिसणाऱ्या लक्षणामागे अनेक घटक असू शकतात हा विचार त्यात बीजरूपाने आहे. पुढे १९०२ मध्ये यूल यांनी आणि १९१८ मध्ये फिशर यांनी सलग लक्षणांचा जो उलगडा केला त्याची वाट येथून जाते. बेटसन आणि वेल्डन यांचा बराचसा वाद घेवड्याची ही पृष्ठे नीट वाचली असती तर टळला असता, असे म्हणण्याचा मोह होतो.

अगदी शेवटी मेंडेल एका जातीचे दुसऱ्या जातीत रूपांतर करण्याच्या गेर्टनर यांच्या प्रयोगांकडे वळतात. संकरजावर पुनःपुन्हा दुसऱ्या जातीचे पराग घातले असता रूपांतर पूर्ण होण्यास काही वनस्पतींत कमी, तर काहींत अधिक पिढ्या का लागतात, याचे उत्तर ते आपल्या श्रेणीने देतात. भेददर्शक लक्षणे जितकी अधिक, तितकी इष्ट जुळणी दुर्मिळ होते आणि प्रयोगातील झाडे थोडी असतील तर ती त्या पिढीत न मिळण्याचाच संभव अधिक असतो. अशा प्रयोगांवरून गेर्टनर यांनी जातींना ओलांडता न येणाऱ्या मर्यादा असतात असे मत बनविले होते. मेंडेल ते बिनशर्त स्वीकारता येत नाही असे म्हणतात, मात्र लागवडीतील वनस्पतींच्या परिवर्तनाविषयी त्यांनी आधी मांडलेल्या अनुमानाला या प्रयोगांतून पुष्टी मिळते असे नमूद करतात. त्यानंतर गेर्टनर यांच्या प्रयोगांविषयी आणखी काही वाक्ये येतात आणि निबंध संपतो.